केमोनंतर मेंदूचे खेळ : दिवाळीपासून गणपतीपर्यंतचा अनुभव

केमो झाल्यावर डोकं पूर्वीसारखं चालत नाही, तर ब्रेन ट्रेनिंगच्या ॲपचे पैसे भरावेत का, असं ओळखीतल्या दोघी-तिघींनी विचारलं. माझं मत असं: वेग आणि लक्ष यासाठी भरा, विसराळूपणासाठी भरू नका.

मी कोथरूडला एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. केमो संपून बरेच महिने झाले तरी खातेदाराने सांगितलेला खातेनंबर टाइप करेपर्यंत मागचे आकडे पुसून जायचे. "ताई, परत सांगू का?" हे तो चांगल्या मनाने म्हणायचा, तरी पोटात गोळा यायचा. डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी १२ तपासायला लावलं, झोपेचं आणि मनाचं विचारलं. हे सगळ्यात आधी करून घ्या. यातलं काही बिघडलं असेल तर त्यानेही असंच होतं आणि त्यावर उपचार आहेत. माझं बी १२ कमी निघालं. ते भरून आल्यावर थकवा उतरला, पण आकडे काही टिकेनात.

पहिल्यांदा लुमोसिटी घेतलं. त्यातला आगगाड्यांचा खेळ मला फार आवडला: सांधे बदलत प्रत्येक गाडी तिच्याच रंगाच्या स्टेशनात पोचवायची. गुण भराभर वाढले, काउंटरवर मात्र ढिम्म फरक नाही. खेळात हात बसला की गुण वाढतातच. कामात आणि शाळेत बुद्धी तल्लख होते, म्हातारपणातला विसराळूपणा लांबतो अशा जाहिरातींना पुरेसा आधार नाही, म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगासोबतच्या तडजोडीत याच कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले होते.

मग ब्रेनएचक्यू. त्यातल्या 'डबल डिसिजन'मध्ये पडद्याच्या मधोमध क्षणभर एक गाडी दिसते आणि त्याच वेळी कडेला कुठेतरी रस्त्याची पाटी. दोन्ही गायब झाल्यावर कार होती की ट्रक, आणि पाटी कुठे होती, ते सांगायचं. बरोबर येत गेलं की क्षण आणखी छोटा होतो. सुरुवातीला चिडून रडू यायचं. पण उन्हाळ्यात मी परत स्कूटी काढली आणि नळस्टॉपच्या चौकात डावीकडून घुसणारा बाइकवाला मला वेळेत दिसला. केमोनंतर ती गर्दी अंगावर यायची. खातेनंबरही आता बहुतेक वेळा एका दमात टाइप होतो.

हे खेळामुळे की नुसता काळ गेल्यामुळे? एकट्या माणसाला हे वेगळं काढता येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात केमो झालेल्या २४२ जणांपैकी निम्म्यांना ब्रेनएचक्यूच्याच कंपनीचा कार्यक्रम १५ आठवडे दिला होता. त्यांना स्वतःला डोक्यातला गोंधळ कमी झाल्यासारखा वाटला, ताण आणि थकवाही कमी जाणवला. चाचण्यांत मात्र दोन गटांत फरक दिसला नाही. मला हा निकाल निराशाजनक वाटत नाही. ज्या बाईला आपलं डोकं आपलं वाटेनासं झालंय, तिला ते परत आपलं वाटणं ही मोठी गोष्ट आहे.

जे सुधारलं नाही तेही सांगते. बोलता बोलता नाव अडतं, गॅसवर दूध ठेवलेलं विसरते. त्यासाठी वही आणि मोबाईलचा गजर हाच उपाय. आणि चालणं सोडू नका; वेताळ टेकडीवर जाऊन आले त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष जास्त टिकतं.

घेणार असाल तर मोठ्या पडद्यावर खेळा, मोबाईलवर कडेचं काही दिसत नाही. केमोने बोटांना मुंग्या येत असतील तर माऊस घ्या. मराठी नाही, त्यामुळे आईसारख्या कुणासाठी घेत असाल तर पहिले काही दिवस शेजारी बसा. लुमोसिटी मी बंद केलं, ब्रेनएचक्यूची वर्गणी परत भरली. सकाळी डबा भरून झाला की वीस मिनिटं खेळते. रात्री दमल्या डोक्याने गुण पडतात आणि झोपताना तेच मनात घोळत राहतं.