थाई धाटणीचे शेतघर: वास्तुविशारदाच्या कामाविषयी

चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातील आमच्या शेतावर नागपूरच्या एका वास्तुविशारदाने थाई धाटणीचे घर उभारून दिले. मध्य थायलंडमधील जुनी सागवानी घरे पुराच्या भीतीने खांबांवर उभी असत. आमच्याकडे पूर येत नाही, तरी धानाच्या बांधीलगतची ओल आणि साप यांपासून त्या उंचीने सुटका केली, शिवाय खालच्या सावलीत गडीमाणसे दुपारी निवांत शिदोरी सोडतात. उतरते छप्पर व रुंद वळचण यांमुळे श्रावणझडीतही खिडक्या उघड्या राहतात. मात्र चहूबाजूंनी लाकडी झडपांच्याच भिंती ठेवण्याचा हट्ट चुकला: बँकॉकची दमट हवा वेगळी आणि मे महिन्यातील ४५ अंशांची कोरडी झळ वेगळी. शेवटी पश्चिमेची भिंत जाड विटांची करावी लागली, व तो खर्च आमच्याच माथी आला. बल्लारपूरच्या आगारातून निवडून आणलेले सागवान तेवढे अव्वल निघाले.