गवत कापावं की बाटल्या बुडवाव्यात?

भाचीचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. प्रबंधाचा विषय ठरलाय, निव्वळ प्राथमिक उत्पादकता; जागा ठरायची आहे. परवा फोनवर थेट विचारलं, "मावशी, रालामंडलचं गवत घेऊ की सिरपूर तलावाचं पाणी?" मी दोन्ही केलंय. गवत विद्यार्थिनी असताना, पाणी पुढे प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण इंदुरात दर वर्षी चार-दोन मुलं याच प्रश्नावर अडतात.

व्याख्या सगळ्यांना पाठ असते: वनस्पतींनी प्रकाशसंश्लेषणातून जे कमावलं त्यातून त्यांनी स्वतःच्या श्वसनात जे खर्चलं ते वजा केलं, की उरतं ते निव्वळ. घोळ मोजताना होतो.

गवताची रीत सरळ दिसते. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर चौकट टाकायची, आतलं सगळं जमिनीलगत कापायचं, 80 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं आणि चारने गुणायचं, म्हणजे चौरस मीटरचा आकडा मिळतो. महिन्याभराने शेजारच्या तुकड्यात पुन्हा तेच. दोन वजनांतला फरक म्हणजे वाढ. मात्र मधल्या काळात जे वाळून गळलं आणि जे कुणी खाल्लं, ते त्यात मिळवावं लागतं. माझ्या चौकटी शहराबाहेरच्या माळावर होत्या. ऑगस्टमध्ये गेले तर पाचपैकी तीन तुकडे गाईंनी चरून साफ केलेले. हिशेबाने त्या महिन्यात वाढ उणे आली! तेव्हापासून मी म्हणते, आधी काटेरी कुंपण, मग चौकट. रालामंडल अभयारण्य असल्याने तिथे गाईंऐवजी हरणं आणि शिवाय वन विभागाची परवानगी. तिला वेळ लागतो, अर्ज आधीच टाकायचा.

खरी परीक्षा मुळांची. गवताच्या उत्पादनाचा मोठा वाटा जमिनीखाली जातो, आणि आपली माळव्याची काळी माती मुळं सोडत नाही. नळी ठोकून काढलेला मातीचा गोळा रात्रभर पाण्यात भिजवायचा, मग बारीक चाळणीवर हलक्या धारेखाली धुवायचा. माती निघते तिच्याबरोबर केसासारखी मुळंही वाहून जातात. धार कमी केली तर चिखल तसाच. एकेका गोळ्याला माझा अर्धा दिवस जायचा, आणि जिवंत मूळ कुठलं, मेलेलं कुठलं हे शेवटी रंग आणि लवचिकपणा बघून डोळ्यांनीच ठरवायचं. म्हणून बहुतेक प्रबंधांत 'फक्त जमिनीवरील उत्पादकता' असं लिहिलेलं दिसतं. त्यात लबाडी नाही, पण शीर्षकात तसं म्हटलेलं बरं.

पाण्यात कापायला काही नाही. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, आज जन्मतात, दोन-चार दिवसांत खाल्ले जातात. साठा कधीच फार दिसत नाही. जगभरातल्या वनस्पतींच्या वजनात समुद्राचा वाटा नगण्य, तरी कार्बनच्या हिशेबात वर्षाच्या निव्वळ उत्पादनाचा जवळजवळ निम्मा भाग त्याचा, तो याच वेगामुळे. म्हणून इथे साठ्याऐवजी प्रकाशसंश्लेषणात सुटणारा आणि श्वसनात खर्च होणारा ऑक्सिजन मोजतात. 1927 मध्ये गार्डर आणि ग्रान यांनी नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये वापरलेली उजेडाच्या आणि अंधाराच्या बाटल्यांची पद्धत अजून चालते. 300 मिलीच्या, घट्ट बुचाच्या बीओडी बाटल्या घ्यायच्या. एकीचा ऑक्सिजन लगेच मोजायचा, एक पारदर्शक आणि एक काळी टेप गुंडाळलेली अशा दोन, पाणी जितक्या खोलीवरून घेतलं तितक्याच खोलीवर दोरीने सोडायच्या. चार तासांनी वर काढून काठावरच ऑक्सिजन धरून ठेवणारी रसायनं घालायची. तपकिरी साका बसला की जीव भांड्यात पडतो. पुढे आम्ल, थायो (सोडियम थायोसल्फेट), स्टार्च, आणि निळा रंग जातो तो क्षण; तोवर किती थायो लागलं त्यावरून ऑक्सिजन कळतो. बाटली भरताना एक बुडबुडा राहिला तरी सगळं वाया. पाणी फार हिरवं असेल तर उजेडाच्या बाटलीत ऑक्सिजनचेच बुडबुडे धरतात; तेव्हा चारऐवजी दोन तासच ठेवा.

समजा सुरुवातीला 7.2, उजेडात 9.6 आणि अंधारात 6.0 मिलिग्रॅम प्रति लिटर आलं. उजेडातून सुरुवातीचं वजा, निव्वळ 2.4; सुरुवातीतून अंधारातलं वजा, श्वसन 1.2; दोन्ही मिळून एकूण 3.6. इथवर कुणी चुकत नाही. मग निव्वळचा ताशी 0.6 घेऊन त्याला 24 ने गुणतात आणि दिवसाचे 14.4 काढतात. अहो, रात्री ऊन कुठे असतं? एकूण ताशी 0.9, बारा तास, म्हणजे 10.8, श्वसन ताशी 0.3, चोवीस तास, म्हणजे 7.2. हातात उरले 3.6. चौपट फरक! आणि बाटल्या दहा ते दोन ठेवल्या असतील तर भर उन्हाचा वेग दिवसभर धरल्यामुळे हेही जास्तच.

आणखी एक मेख. अंधारातल्या बाटलीत शेवाळ एकटं श्वास घेत नाही. जिवाणू आणि सूक्ष्म प्राणीही घेतात. सांडपाणी मिसळणाऱ्या तलावात तो वाटा इतका वाढतो की निव्वळ आकडा शून्याखालीही जातो. म्हणून त्याला 'समुदायाची निव्वळ उत्पादकता' म्हणणं प्रामाणिक. जलकुंभी तर बाटलीत येतच नाही. तिच्यासाठी पाण्यावरही चौकटच टाकावी लागते.

किरणोत्सारी कार्बनची रीत जास्त अचूक, पण त्याच्या परवानगीच्या फंदात एम.एस्सी.ला पडू नये. उपग्रहाचे तयार आकडे फुकट मिळतात. मात्र मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचा चौकोन 500 मीटरचा, आणि पाण्याच्या जागी त्याच्या तयार आकड्यांत काहीच नसतं. रालामंडलच्या जोडीला चालेल, सिरपूरला नाही.

मग निवड? माझ्या मते ती कॅलेंडर करतं. माळव्यातलं गवत जूनच्या पावसावर उठतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं. काम जूनला सुरू होत असेल आणि ओव्हन सलग दोन दिवस कुणी बंद करणार नसेल, तर गवत घ्या. रसायनांचा खर्च जवळजवळ नाही, आकडे स्थिर, आणि मुळांसाठी एक मैत्रीण पटवून ठेवा. आमच्या भाचीचं सत्र जानेवारीत सुरू होतं, जूनमध्ये प्रबंध द्यायचा. तिला वाळकं गवत कापून काय मिळणार? तिने पाणी घ्यावं. सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंत सागर जलाशय दोन्ही 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत, तेव्हा परवानगी लागते का ते इथेही आधी विचारून घ्यावं.

तिने सिरपूर घेतलं. काल फोन आला, "मावशी, काळ्या बाटलीतला ऑक्सिजन वाढला." टेप बुडाशी सुटली असणार. म्हटलं, आता वरून फॉइल गुंडाळ, आणि प्रत्येक खोलीवर तीन-तीन बाटल्या ठेव.