वृद्धाश्रम वाढवायचा: वर मजला की शेजारी नवी इमारत?

जागा कमी असली की वर मजला चढवायचा विचार आधी येतो. पण मूळ पाया आणि कॉलम ते वजन पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावं. गच्चीवर सळया सोडलेल्या दिसल्या म्हणजे पाया तेवढा भक्कम असतोच असं नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग फोडलं की खालच्या खोल्यांत गळती, शिवाय धूळ आणि ठोकाठोक. स्ट्रेचर मावेल अशी, आतून साधारण २.१ मीटर खोल लिफ्ट लागते. आग लागली तर साधी लिफ्ट वापरता येत नाही. मग अंथरुणाला खिळलेल्यांना जिन्यानं उतरवणार कोण?

जमीन असेल तर आमचा कौल शेजारच्या इमारतीला. नवी बाजू पूर्ण करून सगळ्यांना तिथे हलवायचं, मग जुनी रिकामी दुरुस्त करायची. अडचण येते ती जोडावर. नवं बांधकाम थोडं खचतं, म्हणून दोन्ही भिंती एकजीव न करता मध्ये जॉइंट, म्हणजे थोडी मोकळी फट, सोडावा आणि त्यावरची पट्टी फरशीशी सपाट बसवावी. पाय घासत चालणाऱ्याला ५ मिलिमीटरचा उंचवटाही पाडू शकतो. दोन्ही इमारतींच्या जोत्यांत १५० मिलिमीटरचा फरक राहिला तर १:१२ उतारानं (उंचीच्या बारापट लांबी) १.८ मीटरचा रॅम्प लागेल, दोन्ही बाजूंना कठड्यासह.