एकाच प्रिसिजन बासवर चार पिकअप: एक तुलना

प्रिसिजन बास ही फेंडर कंपनीची विजेवर चालणारी बास गिटार, आणि पिकअप म्हणजे तारांखाली बसणारा, त्यांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबक-कॉइलचा भाग. या बासचा पिकअप बदलावा का, आणि बदलायचाच झाला तर कोणता घ्यावा, यावर बासवादक मोठ्या हिरिरीने बोलतात. पण पिकअप एकमेकांशेजारी ठेवून, सारख्या अटींवर ऐकून काढलेली मते फार थोडी आढळतात. त्यासाठी 34 इंच स्केलची (म्हणजे तारेच्या कंपन पावणाऱ्या लांबीची), एक व्हॉल्यूम आणि एक टोन असलेली साधी पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारी) बास घेतली, तिच्यावर निकेलच्या राउंडवाउंड (गोल तारेची गुंडाळी असलेल्या) तारा चढवल्या, आणि त्याच तारा, तीच केबल व तोच अ‍ॅम्प कायम ठेवून चार पिकअप आळीपाळीने बसवले: सेमूर डंकनचे एसपीबी-1 आणि एसपीबी-3, दिमार्झिओचा मॉडेल पी, आणि ईएमजीचा पी. हे चारही पिकअप एकाच मापाच्या खाचेत बसतात, त्यामुळे लाकडाला हत्यार लावण्याची वेळ येत नाही.

पिकअप बदलल्याने तारेखालची जागा बदलत नाही, ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवी. फेंडरने 1951 साली आणलेल्या प्रिसिजनमध्ये साधा सिंगल कॉइल पिकअप होता. 1957 मध्ये त्याचे दोन तुकडे झाले, एक तुकडा जाड दोन तारांसाठी आणि दुसरा बारीक दोन तारांसाठी. दोन्ही कॉइल सीरीजमध्ये (एकापाठोपाठ एक) जोडलेल्या असतात आणि त्यांची चुंबके व गुंडाळी एकमेकांच्या उलट असतात. त्यामुळे तारेचा नाद बेरजेत येतो आणि विजेचा 50 किंवा 60 हर्ट्झचा हम (सततची गुणगुण) वजा होतो. प्रिसिजनचा भरीव, मध्यसप्तकात ठासून बसणारा आवाज या रचनेतून आणि पिकअपच्या जागेतून येतो. बासवादक जॅको पास्टोरियसच्या 1962 च्या जॅझ बासमधला (हे फेंडरचेच दुसरे मॉडेल) गुरगुरणारा, नाकातून आल्यासारखा स्वर ब्रिजजवळच्या पिकअपचा आहे, आणि 1976 साली आलेल्या म्यूझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे बासचा ठसका तिच्या हंबकरचा (हम टाळणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपचा) व सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पचा आहे. प्रिसिजनच्या खाचेत कितीही महागडा पिकअप बसवला तरी हे आवाज त्यातून निघणार नाहीत. ज्याला तेच हवे आहेत त्याने पिकअपवर पैसे न घालवता वेगळी बास पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण कानाची आहे. जो पिकअप जास्त सिग्नल देतो तो मोठा ऐकू येतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमी जास्त भरदार वाटतो. ध्वनिसंशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिले होते की हळू आवाजात माणसाचा कान खर्जाला मंद असतो आणि पातळी वाढवत नेली की खर्ज झपाट्याने पुढे येतो. चौथी तार मोकळी छेडली की तिचा मूळ स्वर जेमतेम 41 हर्ट्झचा असतो, त्यामुळे बासच्या बाबतीत हा परिणाम फारच मोठा ठरतो. नवा पिकअप बसवल्यावर ‘खालचा आवाज केवढा वाढला’ असे जे म्हटले जाते, त्यातला बराचसा भाग निव्वळ पातळीचा असतो. म्हणून प्रत्येक पिकअपचे रेकॉर्डिंग एकाच पातळीवर आणून मगच ऐकले. उंचीही सारखी लावली: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि तिच्यापासून पोलपीसपर्यंतचे (पिकअपमधल्या धातूच्या कांडीपर्यंतचे) अंतर जाड तारांकडे सुमारे 3 मिलिमीटर व बारीक तारांकडे सुमारे 2 मिलिमीटर ठेवायचे. या अंतरात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी तो दोन पिकअपमधल्या फरकाइतका ऐकू येतो. ज्यांना आपला जुना पिकअप निर्जीव वाटतो त्यांनी आधी एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हे अंतर पाहावे.

खोक्यावर छापलेल्या रेझिस्टन्सच्या (विद्युतरोधाच्या) किलोओहममधल्या आकड्यावरून पिकअप निवडू नये, हेही येथे सांगायला हवे. कॉइलची तार अधिक बारीक घेतली तर तेवढ्याच वेढ्यांत रेझिस्टन्स वाढतो, पण आवाज त्या प्रमाणात वाढत नाही. आवाजाचा पोत ठरतो तो कॉइलचा इंडक्टन्स व केबलची कपॅसिटन्स हे विद्युत गुणधर्म आणि पॉटचा (नॉबखालच्या बदलत्या रोधकाचा) रोध यांनी मिळून ठरवलेल्या रेझोनन्सच्या शिखरावरून, म्हणजे सर्वांत ठळक उमटणाऱ्या वारंवारतेवरून. वेढे वाढले की सिग्नल वाढतो आणि ते शिखर खाली सरकते, म्हणून आवाज जाड होत जातो आणि वरची धार बोथट होते. लांब केबलही हेच करते. 250 किलोओहमच्या जागी 500 किलोओहमचे पॉट लावले तर त्याच पिकअपची वरची बाजू उघडी पडते. एखादा पिकअप फार गढूळ वाटत असेल तर तो काढून टाकण्याआधी हा स्वस्त उपाय करून पाहण्यासारखा आहे.

एसपीबी-1 हा जुन्या धाटणीचा पिकअप आहे: अल्निको 5 या मिश्रधातूची कांडी-चुंबके आणि मर्यादित आउटपुट. एकट्याने वाजवताना तो फारसे लक्ष वेधून घेत नाही, आणि दुकानात पाच मिनिटे ऐकणारा माणूस बहुधा दुसऱ्याच पिकअपकडे वळेल. पण ड्रम आणि दोन गिटारींच्या मध्ये तो ऐकला की चित्र पालटते. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा स्वर घ्यावा आणि तो लांबवत न्यावा: गिटारींचे कॉर्ड सुरू होतात तरी हा स्वर त्यांच्याखाली दबत नाही, बास ड्रमच्या ठोक्यात विरघळत नाही, आणि बोट तारेवरून सुटतानाचा हलका खरखराटही ऐकू येतो. बोटांचा जोर कमीजास्त केला की स्वराचा पोत बदलतो, नुसती पातळी बदलत नाही. टोनचा नॉब अर्ध्यावर आणला तरी स्वर स्पष्ट राहतो. चौघांत हा पिकअप वादकाच्या हाताचे सर्वाधिक ऐकतो, आणि म्हणून मी त्याला पहिला क्रमांक देतो. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीची गुंडाळी असलेल्या) तारांवर त्याची जोडी आणखी छान जमेल, कारण त्या तारांचा ठोस, लवकर विरणारा नाद मध्यसप्तक जपणाऱ्या पिकअपवरच खुलतो. बासवादक जेम्स जेमरसन आपली 1962 ची प्रिसिजन फ्लॅटवाउंड तारांवरच वाजवत असे.

एसपीबी-3 म्हणजे क्वार्टर पाउंड. नावातला पाव म्हणजे पाव इंच: त्याच्या पोलपीसचा व्यास सुमारे 6.35 मिलिमीटर असतो आणि जुन्या धाटणीच्या बारीक कांड्यांशेजारी ती चुंबके डोळ्यांनाही ठळक दिसतात. वेढेही अधिक आहेत. पहिल्या छेडीतच हा पिकअप छाप पाडतो. खर्ज रुंद, वरचा ठसका तीक्ष्ण, आणि मधला भाग काहीसा मागे ओढलेला. अंगठ्याने तारा आपटून (स्लॅप) वाजवणाऱ्याला किंवा पिकने जोरकस वाजवणाऱ्याला, विशेषतः तीन जणांच्या बँडमध्ये जिथे एकच गिटार आहे आणि जागा भरून काढायची आहे, तिथे हा आवाज मनापासून आवडेल. मात्र पातळी सारखी केल्यावर त्याची निम्मी जादू ओसरते, आणि दाट वाद्यमेळात मागे ओढलेला मधला भागच आड येतो, कारण बासचा स्वर कोणता आहे हे श्रोत्याला मधल्या भागातून कळते. मग वादक व्हॉल्यूम वाढवतो, खर्ज आणखी फुगतो, आणि ध्वनिनियंत्रकाला तो कापावा लागतो. याची चुंबके जोरकस असल्याने तो तारेच्या फार जवळ आणू नये. तसे केल्यास वरच्या फ्रेटवर जाड तारेचा स्वर डगमगतो आणि नाद लवकर तुटतो. मी तो नेहमीच्या उंचीपेक्षा थोडा खाली उतरवला तेव्हा तो कितीतरी सुसंस्कृत वाटला. फार उंच बसवलेला असल्यामुळेच या पिकअपची बरीच निंदा होत असावी, असे मला वाटते.

दिमार्झिओचा मॉडेल पी याच्या उलट स्वभावाचा आहे. यात सिरॅमिक चुंबके आहेत आणि आउटपुट मोठा आहे, पण तो मधल्या भागात एकवटलेला. थोडे ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) लावले की तो एकसंध, दाणेदार गुरगुरतो, आणि विकृतीतही स्वर ओळखू येतो. रॉकसाठी चौघांत मला हा सर्वांत योग्य वाटला. नाजूक वादनात मात्र तो थोडा अडवणूक करतो, हळू छेडलेला स्वरही पुढे ढकलतो. त्याचा एक गुण फार उपयोगी आहे: त्याचे पोलपीस स्क्रूचे आहेत आणि अ‍ॅलन कीने वरखाली करता येतात. पहिली तार इतर तारांपेक्षा कमजोर ऐकू येण्याची तक्रार पुष्कळ बासवर असते. कांडी-चुंबकांच्या पिकअपमध्ये अख्खा तुकडा तिरका करून वेळ मारून न्यावी लागते. येथे फक्त त्या एका तारेखालचे दोन स्क्रू अर्धा अर्धा फेरा वर काढले की चारही तारा एका ओळीत येतात.

ईएमजीचा पी अ‍ॅक्टिव्ह आहे. पिकअपच्या आतच प्रीअ‍ॅम्प असतो, त्याला 9 व्होल्टची बॅटरी लागते आणि 25 किलोओहमचे पॉट लागतात. जुने 250 चे पॉट ठेवले तर नॉब फिरवताना आवाज हळूहळू न बदलता एकदम उडी मारतो. तो अत्यंत शांत आहे, लांब केबलने त्याची धार बोथट होत नाही, आणि पोलपीस उघडे नसल्याने तार नेमकी कुठून जाते याची चिंता उरत नाही. स्टुडिओत ज्याला दर वेळी हुबेहूब तोच स्वच्छ, घट्ट आवाज हवा आहे त्याच्यासाठी याहून भरवशाचा पर्याय नाही. माझा आक्षेप इतकाच की हळू आणि जोरात वाजवण्यातला फरक येथे दबतो; सारे काही थोडे इस्त्री केल्यासारखे सपाट येते. बॅटरीसाठी पॉटच्या खाचेत जागा आहे का, हे विकत घेण्याआधी पाहून घ्यावे, आणि वाजवणे संपल्यावर जॅकमधून केबल काढून ठेवावी, कारण बॅटरी जॅकमधूनच चालू-बंद होते.

बसवण्याचे काम अवघड नाही. ईएमजी कनेक्टरने जोडला जातो. उरलेल्या तिघांना सोल्डरिंग लागते. सिग्नलची तार व्हॉल्यूम पॉटच्या पायाला आणि ग्राउंडची तार पॉटच्या पाठीवर. पॉटची पाठ उष्णता शोषून घेते, म्हणून सोल्डरिंगची इस्त्री कमजोर असेल तर सोल्डर चमकदार न होता मातकट गोळा होऊन बसते, आणि तो सांधा काही दिवसांनी खरखर करू लागतो. पाठ आधी कानशीने हलकी घासावी, तिथे थोडे सोल्डर लावून घ्यावे आणि मग तार टेकवावी. झाकण लावण्याआधी अ‍ॅम्प अगदी हळू ठेवून स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही तुकड्यांवर टिचकी मारावी. दोन्हीकडून सारखाच ठोका आला तर काम बरोबर झाले.

पीजे बास, म्हणजे प्रिसिजनच्या पिकअपबरोबर (पी) ब्रिजकडे जॅझ बासचा पिकअपही (जे) असलेली बास, असलेल्यांनी एक वेगळा विचार करावा. पी हा दोन कॉइल सीरीजमध्ये असलेला पिकअप असल्याने सिंगल कॉइलचा जे त्याच्यापुढे दुबळा पडतो, आणि जे एकटा वाजवला की हमही येतो. अशा बासमध्ये एसपीबी-3 किंवा मॉडेल पी बसवला तर हा असमतोल आणखी वाढतो. तिथे पी म्हणून एसपीबी-1 ठेवावा आणि ब्रिजकडे दिमार्झिओचा मॉडेल जे यासारखा हम न करणारा पिकअप घ्यावा. दोन्ही पूर्ण उघडल्यावर आवाज पातळ आणि पोकळ झाला तर दोघांचे फेज (सिग्नलची दिशा) उलटे आहेत असे समजावे. शिल्ड (बाहेरचा गोंगाट अडवणारे वेष्टन) वेगळी असलेल्या पिकअपमध्ये एकाच्या दोन तारांची अदलाबदल केली की खर्ज लगेच परत येतो.