सॅम्पल एका पत्र्याचा, माल दुसऱ्याचा

लगेज रॅक, स्किड प्लेट, जादा दिव्यांचे ब्रॅकेट असल्या वस्तू चाळीस-पन्नास नगांत करून घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. हजारोंची ऑर्डर असली की फॅब्रिकेटर, म्हणजे पत्रा कापून-वळवून-जोडून देणारा, जपून वागतो, कारण पुढची ऑर्डर त्याला हवी असते. छोट्या बॅचचा गिऱ्हाईक पुन्हा येईलच असं नसतं, आणि काही जण नेमका याचाच हिशोब करून दर देतात.

माझं काम टूरिंग मोटरसायकलच्या मागच्या रॅकचं होतं. ४० नग, लोकांनी पैसे आधीच भरलेले. ड्रॉइंगवर सगळं लिहिलेलं होतं: ३ मिमी जाडीच्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची प्लेट, दोन कडा वळवलेल्या, खाली पावडर कोटिंग केलेले माइल्ड स्टीलचे ब्रॅकेट, ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट. तिघांकडून कोटेशन घेतलं. दोघांचे आकडे जवळजवळ सारखे निघाले आणि त्यांनी मटेरियल, लेझर कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, कोटिंग असं वेगवेगळं लिहून दिलं होतं. तिसऱ्याने नगाला एकच आकडा दिला, तोही बाकीच्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी.

इथे जरा थांबतो, कारण सगळी गोम या कमी दरातच आहे. छोट्या बॅचमध्ये मोठा खर्च तयारीचा असतो. कटिंगचा प्रोग्राम, पत्र्यावर तुकड्यांची मांडणी, पहिला बेंड कोनात येईपर्यंत बाद होणारे एक-दोन तुकडे, वेल्डिंग करताना तुकडे जागेवर धरून ठेवणारं फिक्स्चर. नग ४ असोत वा ४००, हे एकदाच करावं लागतं आणि तो खर्च नगांवर वाटला जातो. म्हणून ४० नगांना दर जास्त बसतो. हा तयारीचा खर्च एका वर्कशॉपला पडतो तेवढाच जवळपास दुसऱ्यालाही पडतो. मग एखादा एक तृतीयांश स्वस्त देतो तो कुठून? एक तर पत्र्यातून, नाही तर एखादी प्रक्रिया गाळून, नाही तर अ‍ॅडव्हान्स हातात पडल्यावर नवे खर्च काढून. माझ्या बाबतीत तिन्ही झालं.

काम त्या तिसऱ्यालाच दिलं. त्याचा सॅम्पल उत्तम होता. कडा गुळगुळीत, टिग पद्धतीने घातलेली वेल्डिंगची रेघ सरळ, बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं. सॅम्पल पास केला, अ‍ॅडव्हान्स दिला आणि मग एकेक फोन सुरू झाले. पहिला डाय-खर्चाचा, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचा. लेझरने कापायची आणि प्रेस ब्रेकवर (पत्रा वळवायच्या मशीनवर) वळवायची प्लेट असेल तर वेगळी डाय लागत नाही. साधे बेंड मशीनच्या नेहमीच्या पंच आणि व्ही-डायवर होतात. हे म्हटल्यावर त्याने शब्द बदलला, "डाय नाही हो साहेब, फिक्स्चर म्हणायचं होतं." फिक्स्चर लागतंच, म्हणून ते पैसे दिले.

दुसरा फोन पत्र्याचा. म्हणे तीन पूर्ण शीट घ्यावे लागतील. माझ्या प्लेटचा सपाट तुकडा ४०० बाय ३३० मिमीचा. २५०० बाय १२५० च्या शीटवर रुंदीत ३ आणि लांबीत ७, म्हणजे २१ तुकडे मधली फट धरून आरामात बसतात. दोन शीटमध्ये ४२. चाळीस नग आणि वर दोन बेंडिंगच्या चाचणीला. तिसरं शीट कशाला, याला उत्तर "वेस्टेज". बिल तीन शीटचंच लावलं, आणि उरलेला पत्रा मागितला तर तो म्हणे भंगारात गेला.

माल आला तेव्हा प्लेट हातात घेतल्याबरोबर हलकी लागली. सॅम्पल आणि बॅचमधली एक प्लेट वजनकाट्यावर ठेवली. हा हिशोब कोणालाही जमतो: भोकं आणि खाचा वजा करून माझ्या प्लेटचं क्षेत्रफळ १००० चौ. सेमी आहे. ०.३ सेमी जाडीने ३०० घन सेमी, ३०४ ची घनता साधारण ७.९, म्हणजे वजन २.३७ किलो. सॅम्पल तेवढाच भरला. बॅचची प्लेट दोन किलोच्या खाली. व्हर्नियर लावला तर जाडी २.५ मिमी. मिलच्या पत्र्यात थोडाफार फरक चालतो, अर्ध्या मिलिमीटरचा नाही. वजनात हा फरक सतरा टक्क्यांचा, पण सपाट प्लेटची ताठरता जाडीच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे ती चाळीस टक्क्यांहून जास्त घटते. रॅकवर सामान बांधून खराब रस्त्यावर गेलं की अशी प्लेट थरथरते, आणि बेंडपाशी व भोकांच्या कडेला तडे जायची सुरुवात अशाच थरथरीने होते.

फोन केला तर तो चुंबक घेऊनच आला. "हे बघा, चिकटतं का? म्हणजे ३०४." ही चुंबकाची परीक्षा कोणी सुरू केली देव जाणे! २०० मालिकेतलं स्वस्त स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही, कारण त्यात निकेलच्या जागी मँगनीज घालून ३०४ सारखीच, चुंबकाला न चिकटणारी आतली रचना टिकवलेली असते. उलट अस्सल ३०४ बेंडच्या जागी थोडं चिकटू शकतं, आणि प्रामाणिक माणसावर उगाच आळ येतो. टेस्टिंग लॅबमध्ये हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र असतं, काही सेकंदांत मिश्रण दाखवतं. ३०४ मध्ये निकेल ८ टक्के किंवा वर आणि मँगनीज जास्तीत जास्त २ टक्के असायला हवं. माझ्या प्लेटमध्ये मँगनीज ९ च्या वर आणि निकेल दीडच्याही खाली निघालं. त्याने दिलेलं मटेरियल सर्टिफिकेट मात्र ३०४ चंच होतं. कुठल्या तरी खऱ्या पत्र्याचं असेलही, पण माझ्या पत्र्याशी त्याचा संबंध नव्हता. शीटवरचा हीट नंबर (पोलाद वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) सर्टिफिकेटवरच्या नंबराशी जुळतो का, हे कटिंगच्या आधीच बघता येतं. कापल्यावर बहुतेक तुकड्यांवर तो नंबर राहतच नाही.

ब्रॅकेटची कथा थोडक्यात. ऑक्सिजनने लेझर कटिंग केलं की माइल्ड स्टीलच्या कडेवर ऑक्साइडचा थर बसतो. तो घासून न काढता पावडर मारली तर कोटिंग त्या थरासकट सुटतं. माझ्या ब्रॅकेटच्या कडांची पावडर नखाने सोललेल्या रिबिनीसारखी निघाली. भोकांमधलं अंतर दर नगात वेगळं, म्हणजे ज्या फिक्स्चरचे पैसे घेतले त्यात हे ब्रॅकेट कधी बसलेच नव्हते. डोळ्याच्या अंदाजाने वेल्डिंगचे टॅक (छोटे ठिपके) मारून जोडले होते. बोल्टवर ना ग्रेड, ना बनवणाऱ्याची खूण.

त्याचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, "सॅम्पल तुम्हीच पास केलात." दाखवायचे दात पास करून घ्यायचे आणि खायला दुसरे वापरायचे, हाच त्याचा धंदा. बोल्ट तेवढे बदलून दिले. प्लेट पुन्हा करून द्यायला तयार झाला, पण फिक्स्चरचे पैसे नव्याने मागून. पैसे भरलेलं पहिलं फिक्स्चर माझ्या ताब्यात द्या म्हटलं, तर फोन उचलणं बंद.

पुढची बॅच दुसरीकडे केली. आता पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) नगाचं निव्वळ वजन ग्रॅममध्ये लिहितो, किती टक्के कमी-जास्त चालेल तेही. फिक्स्चर आणि उरलेला पत्रा माझा, हे वेगळ्या ओळीत. कापण्याआधी हीट नंबरसकट शीटचा फोटो. पास करायचा नग वेगळ्याने बनवलेला सॅम्पल नाही, तर त्याच शीटमधून कापलेला, त्याच फिक्स्चरवर जोडलेला बॅचचा पहिला नग. शेवटचा हप्ता वजनकाटा आणि एक्सआरएफ झाल्यावर. या अटी वाचून एका वर्कशॉपने काम घ्यायला नकार दिला, दुसऱ्याने दर थोडा वाढवून घेतलं. त्याच्या प्लेट २.३५ ते २.३८ किलोच्या दरम्यान भरल्या.