गावच्या घराचं आवार: बायांची टोळी, ब्रश कटर की शहरातला माळी?

म्हातारे आई-वडील गावी आणि आपण नागपुरात नाहीतर पुण्यात, किंवा वाडवडिलांचं घर कुलूप लावून ठेवलेलं. ऑगस्ट लागला की शेजारून फोन येतो, "आंगणात गवत कमरेला लागलं, कोणाले तरी सांगा." हे 'कोणाला' सांगायचं, त्याबद्दल लिहितो आहे. विदर्भाच्या खेड्यात यासाठी तीन-चार वाटा आहेत. त्यातली कोणती धरायची हे पैशापेक्षा महिना कोणता आणि घरात राहतं कोण यावर जास्त ठरतं.

आधी महिन्याचं. आवारात गवत माजतं नेमकं तेव्हाच गावात माणूस मोकळा नसतो. जुलै-ऑगस्टात यवतमाळ-अमरावतीकडे कपाशी-सोयाबीनचं निंदण, म्हणजे खुरपणी, असते, भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणी आणि दिवाळीपासून कापूस वेचणी. अशा दिवसांत तुमच्या अंगणासाठी कुणी आलं तर शेताच्याच भावानं येईल, आणि तसंच यायला हवं. "घरचंच तर काम आहे" म्हणून रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, तोडून मागणाऱ्याकडे पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही.

बायांची टोळी

मुळासकट सफाई हवी असेल तर निंदणाऱ्या बायांना तोड नाही. पाऊस उघडून जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली अशी, आली की काळ्या मातीतलं तण खुरप्याच्या एका झटक्यानं मुळीसकट वर येतं. माती चिखल असताना पाय रुततात, आणि वाळून कडक झाली की तण वरच्या वर तुटतं. तो मधला दोन-चार दिवसांचा काळ टोळीतल्या वयस्कर बाईला बरोबर कळतो. तिनं "आज नको, परवा येतो" म्हटलं तर ऐकावं.

दुसरं म्हणजे नजर. तरोटा (टाकळा) कोवळा असला तर ती आधी ओटीत खुडून घेते, "हा राहू द्या जी, भाजी होते." कडुलिंबावर चढलेली गुळवेल, कुंपणालगत आपोआप उगवलेलं सीताफळाचं रोप, आईनं लावलेली तुळस यांना खुरपं लागत नाही. यंत्राला ही ओळख नसते. त्यामुळे घरात माणसं राहत असतील, परसात भाजीपाला, फुलझाडं असतील, तर माझं मत टोळीच्याच बाजूनं आहे.

रोजानं द्यायचं की ठेक्यानं, हा प्रश्न इथे येतोच. ठेक्यात काम झपाट्यानं उरकतं, पण तण वरच्या वर कापलं जातं आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा हिरवं दिसतं. म्हणून निंदण रोजानं द्या. पालापाचोळा उचलणं, कुंपणाच्या काट्या बांधणं, नाली उपसणं ही डोळ्यांना दिसणारी, मोजता येणारी कामं ठेक्यानं दिली तरी चालतात.

गाजर गवताचं मात्र वेगळं. ते फुलावर येण्याआधी उपटलं तरच उपयोग. एका झाडातून हजारो बिया पडतात, आणि फुललेलं गवत कापून नेताना त्या आवारभर सांडतात. त्यानं अंगाला खाज, पुरळ येतं, काहींना दमाही लागतो. बायांना हातमोजे आणि तोंडाला बांधायला रुमाल तुम्ही द्या, त्यांनी मागायची वाट बघू नका.

ब्रश कटरवाला

आता बहुतेक मोठ्या गावांत एखाद-दोन पोरांकडे पेट्रोलवरचं ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं हातातलं यंत्र, असतं. कुणी तासाचे पैसे घेतो, कुणी पेट्रोलच्या टाकीमागे. अर्धा एकर मोकळी जागा, गवत छातीएवढं आणि घर बंद, असं असेल तर हाच पर्याय. ऐन रोवणीतही तो मिळण्याची शक्यता टोळीपेक्षा जास्त, कारण काम एकट्याचं आणि काही तासांचं असतं.

पण मुळी जमिनीतच राहते, त्यामुळे फेऱ्या धराव्या लागतात. बंद घरासाठी मला दोन फेऱ्या पटतात: पहिली जुलै संपताना, दुसरी पोळा झाल्यावर, महालक्ष्म्यांना घरी माणसं येण्याआधी. गाजर गवत असेल तर पहिली फेरी त्याच्या फुलाआधीच हवी, नाहीतर यंत्र बियाणं पेरत फिरतं.

नुकसान कुठे होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. नायलॉनची फिरती तार लहान झाडाच्या बुंध्याला लागली की साल गोल सोलली जाते. त्या दिवशी काही दिसत नाही. पुढे पानं पिवळी पडतात आणि आंब्याचं तीन वर्षांचं कलम उभ्यानं वाळतं. म्हणून कटर सुरू होण्याआधी प्रत्येक रोपाभोवती वीतभर जागा हातानं साफ करून घ्या आणि काठी रोवून तिला लाल फडकं बांधा. दगड-गिट्टीच्या जागेत पातं लावू देऊ नका. खडा उडून डोळ्यात जातो, खिडकीची काच फुटते. चष्मा, गमबूट आणि यंत्राचं संरक्षक झाकण नसेल तर काम देऊ नका. गवतात घोणस बसलेली असते, जिला आपल्याकडे परड म्हणतात, आणि पाय पडेपर्यंत ती हलत नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता आणि गाडी ठरलेली असावी. ही काळजी बायांच्या टोळीसाठीही तेवढीच.

शहरातला माळी आणि हिरवळीचा मोह

नागपूर, अमरावती, अकोल्याच्या नर्सऱ्या आवार 'करून' देतात: सिलेक्शन वन किंवा मेक्सिकन हिरवळ, कडेनं झुडपं, वर महिन्याच्या देखभालीचा करार. फोटो बघून जीव लागतो हे खरं. पण पाण्याचा हिशोब मांडा. 1000 चौरस फूट म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. रोज फक्त 5 मिलिमीटर पाणी दिलं तरी 465 लिटर लागतात. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा तेही कमी पडतं, आणि त्याच दिवसांत गावची विहीर तळ गाठते. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर हिरवळ सपाट राहत नाही, आधी वेगळी माती आणून टाकावी लागते. ज्या गावात टँकर येतो तिथे हिरवळ लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फारच हौस असेल तर ओट्यासमोर 10 बाय 20 फुटांचा तुकडा करा. त्याच हिशोबानं त्याला रोज साधारण 93 लिटर पुरतात.

शहरातल्या माळ्याला बोलवावं ते एकदाच्या कामाला: ठिबक टाकून घ्यायला, जुन्या आंब्याची छाटणी करायला, कुठे काय लावायचं ते आखून घ्यायला. महिन्याच्या करारात त्याच्या येण्या-जाण्याचे पैसे तुमच्याच माथी पडतात, आणि पावसाळ्यातलं गवत महिनाभर थांबत नाही. छाटणीपलीकडे झाड तोडायचंच असेल तर साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात. घरच्या आवारातली असली तरी आधी परवानगी काढा.

तणनाशक मारून देणारा फवारणीवाला सगळ्यात स्वस्त पडतो, तरी घराच्या आवारात मी त्याला येऊ देणार नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, पण तणनाशकही औषध नाही, विषच आहे. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, आणि खेड्यात उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत भरून सांदीत ठेवलं जातं. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकावर केंद्र सरकारनं 2022 मध्ये निर्बंध आणले, ते अधिकृत कीडनियंत्रकाकडूनच मारून घ्यावं असे. जिथे नातवंडं खेळतात, कोंबड्या चरतात, तिथे हा सौदा महागच.

घरात म्हातारी माणसं असतील तर या सगळ्यांपेक्षा गावातलाच एक माणूस महिन्यानं बांधलेला बरा. तो आठवड्यातून दोनदा सकाळी येईल, झाडांना पाणी देईल, थोडं निंदेल, नाली बघेल आणि आई-बाबांची विचारपूसही करेल. टोळी लागलीच तर तोच सांगून आणतो. त्याला ठरलेल्या तारखेला पैसे पोचले पाहिजेत. फोनपे नसेल तर कुणाच्या हाती द्यायचे ते आधीच ठरवा.

कुणालाही लावा, निघालेल्या कचऱ्याचं बोलून घ्या. नाहीतर ढीग कुंपणाशी पडतो आणि त्यात साप-विंचू घर करतात. जाळूही देऊ नका. पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांड्यांनी घालून दिलेली जाळीदार विटांची 10 बाय 6 बाय 3 फुटांची टाकी परसात बांधली, तर पालापाचोळा, शेण आणि माती यांचं तीन-चार महिन्यांत खत होतं. गाजर गवतही त्यात टाकता येतं, फक्त फुलाआधीचं. टाकी भरण्याचं काम टोळीच्या रोजातच धरा, आणि त्यासाठी शेण कुणाच्या गोठ्यातून येणार ते बाया यायच्या आदल्या दिवशी सांगून ठेवा.