स्टीफन किंग यांची ‘इट’ : वाचून संपल्यानंतरचे परीक्षण

भयकादंबरीचे परीक्षण करताना ती किती घाबरवते हे आधी सांगण्याचा प्रघात आहे. स्टीफन किंग यांच्या ‘इट’च्या बाबतीत ते चटकन सांगून टाकता येते. भर पावसात रस्त्याकडेच्या गटाराच्या तोंडातून एक विदूषक सहा वर्षांच्या जॉर्जीशी लाडीगोडीने बोलू लागतो, तेव्हा ही कादंबरी चांगलीच घाबरवते; अखेरच्या भागात, जिथे लेखकाने भीतीसाठी सर्वाधिक खटाटोप केला आहे, तिथे सर्वांत कमी घाबरवते. माझा मुद्दा मात्र निराळा आहे. पुस्तक मिटल्यावर बिल, बेन, बेव्हर्ली, रिची, एडी, माइक आणि स्टॅन या सात मुलांवाचून वाचकाला करमेनासे होते, आणि ही हुरहुर लेखकाने पहिल्या प्रकरणांपासून अत्यंत हिशेबाने पेरलेली आहे. ती कशी पेरली आहे हे सांगायचे तर शेवट उघड करावाच लागतो, तेव्हा ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी येथेच थांबावे.

ही कादंबरी सप्टेंबर १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या अमेरिकी आवृत्तीची पाने ११३८ होती आणि एवढा मोठा ग्रंथ असूनही त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी तीच ठरली. लेखन ९ सप्टेंबर १९८१ रोजी सुरू झाले आणि २८ डिसेंबर १९८५ रोजी संपले, अशी नोंद पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आहे. दोन्ही वेळी स्थळ मेन राज्यातले बँगोर. कथेतले डेरी हे गाव काल्पनिक असले तरी त्याचा सांगाडा बँगोरचाच आहे. गावाच्या मधून वाहणारा केंडस्कीगचा ओढा, टेकडीवरची पाण्याची जुनी टाकी आणि लाकूडतोड्या पॉल बन्यनचा ३१ फूट उंच पुतळा ही सारी बँगोरमधली खरीखुरी ठिकाणे आहेत. दर सत्तावीस वर्षांच्या आसपास या डेरीत काहीतरी जागे होते आणि मुलांना खाते. १९५८ च्या उन्हाळ्यात अकरा-अकरा वर्षांची सात मुले त्याच्याशी झुंजतात, आणि १९८५ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांना पुन्हा बोलावणे येते. स्वतः किंग यांचा जन्म १९४७ चा; १९५८ मध्ये ते या मुलांच्याच वयाचे होते. त्या सालातली गाणी, सायकली, एका तिकिटात दोन चित्रपट दाखवणारी थिएटरे यांची वर्णने संदर्भग्रंथ चाळून लिहिलेली वाटत नाहीत, ती त्यामुळेच.

दोन्ही काळ एकाआड एक सांगितले आहेत, आणि कादंबरीचे खरे यंत्र या रचनेत दडलेले आहे. आरंभीच्या एका दीर्घ प्रकरणात माइक हॅन्लन हा डेरीतला ग्रंथपाल आपल्या सहा जुन्या मित्रांना एकेक करून फोन करतो. त्यातला पहिला फोन अटलांटात हिशेबनीस म्हणून स्थिरावलेल्या स्टॅन यूरिसला जातो. फोन ठेवून स्टॅन अंघोळीला म्हणून आत जातो आणि तिथेच जीव देतो. हा सारा प्रसंग त्याच्या पत्नीच्या नजरेतून दिसतो. तिला कारण माहीत नाही आणि अजून वाचकालाही नाही. मग पुढची हजारभर पाने हाच स्टॅन आपल्याला लहान मुलगा म्हणून भेटत राहतो. नीटनेटका, मितभाषी, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारा हा मुलगा टाकीतल्या अंधारात बुडून मेलेल्या मुलांची भुते अंगावर येतात तेव्हा पक्ष्यांचे पुस्तक छातीशी धरून पक्ष्यांची नावे ओरडत सुटतो, कारण त्याच्या जगात सुसंगत म्हणावे असे तेवढेच उरलेले असते. पुन्हा परत येण्याची शपथ घेताना कोकच्या बाटलीच्या काचेने सगळ्यांचे तळवे चिरणारा मुलगाही स्टॅनच, हे आपल्याला फार उशिरा कळते. एखादे पात्र आधी गमावून मग त्याच्याशी मैत्री करायला लावणे ही क्रूर युक्ती आहे. ज्याचे काय होणार हे आपल्याला ठाऊक असते, त्याचा प्रत्येक साधा विनोददेखील आपण जपून वाचू लागतो.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला एवढा पसारा सुरुवातीला जड वाटण्याची शक्यता आहे. आपल्याकडची उत्तम गूढकथा मोजक्या पानांत वाचकाला बेसावध गाठते आणि बाजूला होते. पात्राशी जवळीक होण्याइतका अवधी ती देत नाही, तशी तिला गरजही नसते. किंग अगदी उलट वागतात. सातही मुले एकत्र येईपर्यंत अर्ध्याहून अधिक पुस्तक मागे पडलेले असते. गावगुंड पोरगा हेन्री बॉवर्स आणि त्याचे साथीदार माइकच्या मागे लागलेले असताना खडीच्या खाणीत जी दगडफेक होते, तिच्या अखेरीस माइक या मुलांमधला सातवा होतो. तोवर लेखक घाई करत नाही. ओढ्याकाठच्या बॅरन्स नावाच्या झाडोऱ्यात बेन हॅन्स्कमच्या मार्गदर्शनाखाली मुले जो बांध घालतात, त्याचे वर्णन इतके तपशीलवार आहे की वाचकालाही तो बांधता यावा. नेल नावाचा पोलीस येऊन गावभर गटारे तुंबल्याचे सांगतो, रागावतो आणि मनातून त्या कामावर खूष होतो. या प्रकरणात भुताखेतांचा जवळजवळ पत्ताच नाही, आणि संबंध पुस्तकात मला सर्वांत आवडलेला भाग हाच आहे.

पात्ररेखाटनाची उदाहरणे द्यायची तर एडी कॅस्पब्रॅकचे द्यावे लागेल. अतिकाळजीने मुलाला घुसमटवून टाकणारी आई आणि दम्याचा इन्हेलर, एवढ्यावर एखाद्या लेखकाने त्याचे व्यंगचित्र काढून सोडले असते. एके दिवशी गावातला औषधविक्रेता त्याला बोलावून सांगतो की, त्या इन्हेलरमध्ये औषध नाही, कापरासारखी चव आणलेले पाणी आहे. मोठ्या माणसाने खरे बोलण्याच्या नावाखाली मुलाला कसे दुखवावे, याचा हा वस्तुपाठच. एडीला हे पटते, तरी तो इन्हेलर सोडत नाही; आणि पुढे त्याच इन्हेलरचा फवारा हे आम्ल आहे असे मनोमन मानून तो त्या राक्षसावर मारतो, तेव्हा तो लागू पडतो. खोटे औषध आणि खरा विश्वास यांची ही सांगड इतकी चोख बसली आहे की १९८५ मधला एडीचा मृत्यू कथेच्या ओघात अटळ असूनही सहन होत नाही. लठ्ठ, एकलकोंडा बेन बेव्हर्लीला निनावी पोस्टकार्डावर एक हायकू पाठवतो आणि ती समजते की ते बिलने लिहिले. मुलांचे आणि मोठ्यांचे ग्रंथालय जोडणारा काचेचा मार्ग बेनच्या मनात असा घर करून बसतो की पुढे वास्तुविशारद झाल्यावर तोच आकार त्याच्या इमारतीत उतरतो. रिचीची अखंड बडबड आणि तिला लगाम घालणारे इतरांचे ‘बीप बीप, रिची’ हे शब्द तर वाचकाच्या तोंडी बसतात. पहिल्या शंभर पानांत मला रिची असह्य वाटला होता. अखेरीस त्याच्याच गप्पांची उणीव सर्वाधिक भासली.

ही मैत्री इतकी घट्ट होते, कारण गावातली मोठी माणसे पाठ फिरवतात. माइकच्या नोंदींमधून डेरीचा इतिहास उलगडतो. १९०६ मध्ये ईस्टरच्या दिवशी लोखंडाच्या कारखान्यात स्फोट होऊन मुले मरतात, १९३० मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांचा क्लब जाळला जातो, आणि प्रत्येक वेळी गाव काही घडलेच नाही असे वागते. हे प्रसंग काल्पनिक आहेत. मात्र १९८४ मधल्या ज्या समलिंगी तरुणाचा खून पुस्तकाच्या आरंभी येतो, त्यामागे बँगोरमध्ये त्याच वर्षी जुलैत झालेली चार्ली हॉवर्डची हत्या आहे. तीन किशोरवयीन मुलांनी त्याला पुलावरून केंडस्कीगमध्ये फेकले होते. काही वाचक माइकच्या नोंदी ओलांडून पुढे जातात. तसे करू नये, कारण गावाने मान फिरवण्याची सवय किती जुनी आहे हे कळल्याशिवाय सात मुलांनी एकमेकांकडे पाहत राहण्याचे मोल कळत नाही.

आता शेवटाकडे. डेरी सोडून गेलेले सहाही जण तो उन्हाळा आणि एकमेकांना साफ विसरलेले असतात. गावातच राहिलेल्या एकट्या माइकला सारे आठवते, आणि म्हणून फोन करण्याचे काम त्याच्यावर येते. तिथे ते विस्मरण कथेची सोय म्हणून खपून जाते. राक्षस संपल्यावर मात्र ते पुन्हा येते, आणि या वेळी माइकलाही सोडत नाही. काही दिवसांपूर्वीची नावे आठवेनाशी होतात, टिपणवहीतले मित्रांचे पत्ते फिके पडत जातात, पुन्हा उतरवून काढले तरी तीही अक्षरे पुसली जाणार हे त्याला कळून चुकते, आणि शाई शिल्लक आहे तोवर तो आपले त्यांच्यावर प्रेम होते एवढे लिहून ठेवतो. बिललाही पुढे कधीतरी पहाटे एक स्वप्न पडून गेल्याची जाणीव तेवढी राहते. म्हणजे हजार पाने आपण ज्यांच्या सहवासात काढली, त्यांच्यातल्या कोणालाच आता त्या उन्हाळ्याची साक्ष देता येणार नाही. ती देणारा एकटा वाचक उरतो. ‘इट’ संपल्यावर मनाला जे जडपण येते त्याचे कारण माझ्या मते हे आहे. इतर लांब कादंबऱ्यांतल्या पात्रांचा आपण निरोप घेतो तेव्हा ती एकमेकांना सापडलेली असतात, असा दिलासा असतो. येथे बेन आणि बेव्हर्ली एकत्र निघून जातात, एवढाच काय तो अपवाद.

दोषांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. विश्व निर्माण करणारे कासव, विश्वाबाहेरचा प्रकाश, मनाने लढायचा विधी हा सारा अखेरचा मामला मोठ्या शब्दांचा आणि लहान परिणामाचा आहे. गटाराच्या तोंडाशी बसलेला विदूषक त्याहून कितीतरी भीतिदायक होता. बेव्हर्लीकडे लेखकाची नजर वारंवार तिच्या देहावरूनच जाते. याहून गंभीर बाब म्हणजे, गटारातून बाहेर पडण्यापूर्वी त्या मुलांमध्ये घडवलेला एक लैंगिक प्रसंग. मैत्रीचे बंध पुन्हा जुळवण्यासाठी तो आवश्यक होता, असे त्याचे समर्थन केले जाते. मला ते अजिबात पटत नाही. तो काढून टाकला असता तर कादंबरीचे काहीही बिघडले नसते, आणि पुस्तक कोणाच्या हाती द्यायचे याचा विचार करताना तो ध्यानात ठेवावाच लागतो. शाळकरी मुलांच्या गोष्टी आहेत म्हणून हे पुस्तक शाळकरी मुलांना देऊ नये.

घ्यायचे झाल्यास कोणत्या रूपात घ्यावे, हा व्यवहाराचा प्रश्न. आपल्याकडच्या दुकानांत सहसा ब्रिटिश पेपरबॅक मिळते; ती तेराशेहून अधिक पानांची असून एका हातात धरून वाचणे अवघड आहे, आणि लोकलमध्ये उभ्याने वाचणे तर अशक्यच. प्रवासात वाचणाऱ्यांनी ई-पुस्तक घ्यावे. स्टीव्हन वेबर यांनी वाचलेले सुमारे ४५ तासांचे ऑडिओबुक उत्तम आहे, विशेषतः रिचीच्या नकला कागदावर फिक्या वाटल्या असतील त्यांच्यासाठी. पडद्यावरची रूपे या बाबतीत उपयोगी पडत नाहीत. १९९० च्या दूरचित्रवाणी मालिकेत टिम करी यांचा विदूषक लक्षात राहतो, आणि २०१७ च्या चित्रपटातली मुले खरोखर लाघवी आहेत. परंतु २०१७ आणि २०१९ अशा दोन चित्रपटांत बालपण आणि प्रौढपण वेगळे काढल्यामुळे, स्टॅन गेला आहे हे माहीत असताना त्याच्यासोबत वावरण्याचा अनुभव तिथे मिळूच शकत नाही. शिवाय गावाचा इतिहास शोधण्याचे माइकचे काम पहिल्या चित्रपटात बेनकडे देऊन त्यांनी माइकला विनाकारण रिकामा केला आहे.

या मुलांना पुन्हा भेटायचेच असेल, तर ते किंग यांच्याच दुसऱ्या एका पुस्तकात थोडा वेळ शक्य आहे. केनेडी-हत्या टाळण्यासाठी भूतकाळात गेलेल्या शिक्षकाची ‘११/२२/६३’ ही २०११ मधली कादंबरी सुरुवातीच्या एका भागात १९५८ च्या डेरीत जाते. तो भयंकर उन्हाळा नुकताच सरलेला असतो, आणि रिची व बेव्हर्ली बॅरन्सजवळ नाचाचा सराव करताना त्या शिक्षकाला दिसतात. दोघांना अजून सारे आठवत असते. ‘इट’ न वाचलेल्यांना ही पाने उगाच घुसडल्यासारखी वाटतात. वाचलेल्यांनी मात्र ती चुकवू नयेत. कादंबरी स्वतंत्रपणेही वाचनीय असली, तरी केवळ या दोघांच्या ओढीने ती हवी असेल तर विकत न घेता ग्रंथालयातून आणावी, कारण ती दोघे लवकरच मागे पडतात आणि पुढचे बहुतेक पुस्तक टेक्सासचे आहे.